अर्जुनाबाचं टाकं

अर्जुनाबाची आणि माझी ओळख शिवीनं झाली. शिवी अर्थात मीच दिली. फौजेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाचा आधी आवाज फुटतो, डोकं मागनं चालतं. मी बाळासो. हवालदार म्हणून रिटायर झालो, पलूस तालुक्यात थोडा ऊस आहे. रिटायर झाल्यावर माणसाला कसलं ना कसलं खूळ लागतं, मला गडांचं लागलं. माझा पुतण्या विश्वजीत, सिव्हिल इंजिनियर, त्याच्या मित्रांचं एक मंडळ होतं. दर रविवारी कुठला तरी पडका गड चढायचा, कचरा वेचायचा, भगवा लावायचा, फोटो काढायचे. मी सगळ्यांचा काका, म्हणून आपोआप मंडळाचा अध्यक्ष झालो.

आठ वर्षांपूर्वी एप्रिलात आम्ही सावळगडावर गेलो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, पार पूर्वेला, जिथं कुसळ आणि बाभळीशिवाय काही दिसत नाही तिथं हा गड. फार मोठा नाही. अर्धी कमान उरलेला दरवाजा, वाड्यांची जोती, आणि पूर्वेला एक बुरूज. बुरुजाच्या पायाशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. टाक्याच्या अगदी काठावर बुरूज उभा, आणि बुरुजाच्या अंगातून पिंपळ बाहेर आलेला. त्या पिंपळावर धोतराचा काचा मारलेला एक म्हातारा चढून कुऱ्हाडीनं फांद्या खाली पाडत होता. खाली मेंढरं माना वर करून वाट बघत उभी.

आता मला सांगा, पिंपळाला कुणी कुऱ्हाड लावतं का? आमच्याकडं पिंपळाची काडी मोडायची तर माणूस दहा वेळा इचार करतो. आणि हा पठ्ठ्या गडावर चढून, चपला न काढता! मी खालनं ओरडलो, आणि पुढं जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हाताऱ्यानं वाकून खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "थांब रं गड्या. येवढी फांदी हुंदे. मग खाली आल्यावर परत दे, हितं नीट आयकू आली न्हाई."

माझी पोरं फिदीफिदी हसली. म्हातारा उतरला, पागोट्यानं तोंड पुसलं आणि आपल्या पालाकडं बघून हाक मारली, "भामे, पाव्हनं आल्यात, पानी आन." टाक्यापासून शंभर पावलांवर त्याचं पाल होतं, वर काळा कागद, बाजूला काट्यांचं कुंपण. तिथनं त्याची बायको भामावैनी पितळी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. टाक्याचं पाणी. एप्रिलातल्या उन्हात ते घशाखाली उतरलं आणि मी शिवी विसरलो. गड चढून आलेल्याला आधी पाणी, नाव-गाव नंतर, हा त्या पालाचा रिवाज. चोर आला तरी त्याला आधी पाणीच मिळालं असतं.

अर्जुनाबा धनगर. उमर सत्तरीच्या आसपास, नक्की त्यालाही ठाऊक नव्हती. जवानीत दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पार कऱ्हाडच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचा, खतासाठी रानारानांत मेंढरं बसवायचा, पावसाळ्याला परत. मग गुडघे गेले. पोरगा रविराज पाचगणीला हॉटेलात कामाला लागला, मेंढरांमागं यायला नाही म्हणाला. तेव्हापासून म्हातारा-म्हातारी आणि पंचवीस-तीस मेंढरं बारा महिने गडावरच. कालव्याचं पाणी आलंय, पण ते खालच्या रानांत. ते काय डोंगर चढून येत नाही. खालच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो, तो माणसांच्या घागरींना पुरत नाही. म्हणजे वर राहायचं तर टाकं पाहिजे. टाकं आहे तर मेंढरं आहेत, मेंढरं आहेत तर अर्जुनाबा आहे. इतका सरळ हिशेब.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी सावळगडावर जायला लागलो. खरं सांगायचं तर गडापेक्षा म्हाताऱ्यासाठी. गड बघायचा तर त्याच्याबरोबर बघावा. विश्वजीत पोरापोरींना घेऊन एका जोत्यावर उभा राहून सांगायचा, "इथे राणीवसा होता." अर्जुनाबा मागनं म्हणायचा, "राणी हितं कशाला मरायला ईल रं? हितं घोडी बांधत हुती. ती बघ खाली मुताची पन्हळ." सगळे पन्हळ बघायला वाकायचे आणि विश्वजीत कानापर्यंत लाल व्हायचा. कुठल्या भिंतीत विंचू आहेत, कुठला दगड पाय दिला की हलतो, कुठल्या खोलीत पावसाळ्यात गवत आधी उगवतं, सगळं त्याला पाठ. इतिहास विचारला तर म्हणायचा, "त्यो तुमी वाचलाय. मला गड म्हाईत हाय."

पिंपळाचंही त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. माझं नशीब असं की सांगितलेलं सगळं आठवतंय. दर उन्हाळ्यात तो पिंपळाच्या बुंध्याला भंडारा लावायचा, हात जोडायचा, "बाबा, मेंढरांपुरतं घेतो," म्हणायचा आणि फांद्या उतरवायचा. पाला मेंढरांना, काटक्या चुलीला. दसऱ्याच्या सुमाराला तटाकडेनं चक्कर मारायची आणि दगडांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळाचे कोंब उपटायचे. हे त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं.

"झाड तोडून टाकत न्हाई, देवाचं हाय," तो म्हणाला. "पर वाडूबी देत न्हाई. बा म्हनायचा, पिंपळ आन् भाऊबंदकी, भितीत शिरली की घर पाडूनच भाईर येती."

तेव्हा मी हसलो.

मग एका उन्हाळ्यात अर्जुनाबा आजारी पडला. छातीत कफ झाला, दोन महिने पाचगणीला पोराकडं होता. त्या साली पिंपळाला कुऱ्हाड लागली नाही आणि पावसाळ्यात तो असा काही फुटला की बघत राहावं. विश्वजीतनं फोटो काढला. काळा बुरूज, हिरवागार पिंपळ, वर आमचा भगवा, खाली टाक्यात त्या सगळ्याचं प्रतिबिंब. तो फोटो कुठल्या कुठं गेला. पुण्या-मुंबईच्या गाड्या वाडीत लागायला लागल्या. आमच्या मंडळाच्या टी-शर्टावर तोच पिंपळ छापला. मी तर त्या टी-शर्टात लग्नांनाही जायला लागलो, इतकं डोक्यात गेलं होतं.

पुढच्या एप्रिलात अर्जुनाबा बरा होऊन आला आणि पिंपळ नेहमीसारखा उतरवला. आता लांबनं माणसं आली तर समोर काय? बोडका बुंधा आणि खाली लेंड्या. लोकांनी फोनवर आमचीच इज्जत काढली. गडप्रेमी म्हणवता आणि गडावर मेंढरं चारू देता? माझं डोकं फिरलं. घरी आलो, जेवणाआधी पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहिला. गडावर बेकायदा चराई आणि वृक्षतोड चालू आहे, वारसा धोक्यात आहे, सक्त बंदी घालावी. खाली माझी सही, मंडळाचा शिक्का. नाव कुणाचं घातलं नाही. पण गडावर मेंढरं राखणारा दुसरा होता कोण?

एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब. हे काम मात्र दोन महिन्यांत झालं. दरवाज्याजवळ लोखंडी बोर्ड लागला. खात्याची माणसं आली, त्यांनी अर्जुनाबाची कुऱ्हाड आणि बांबूला बांधलेला कोयता जप्त केला. झाडाला हात लावणार नाही, तटावर जाणार नाही, असा कागदावर अंगठा घेतला. मेंढरांना टाक्यावर पाणी पाजायची तेवढी मुभा ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अर्जुनाबा माझ्या दारात. खांद्यावर घोंगडं, दोन एसट्या बदलून आलेला. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं आता हा मला सगळ्या आळीसमोर विचारणार. पण तो सोप्यात बसला, पाणी प्याला, उसाची चौकशी केली आणि म्हणाला, "हवालदार, माजा एक अर्ज लिवून दे."

मी लिहिला. तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. "बुरूज टाक्याच्या काठाव हाय. पिंपळ बुरजात हाय. फांद्या उतरल्या न्हाईत तर मुळ्या फुगत्यात. मुळ्या फुगल्या की बुरूज सुटतो. सुटला की टाक्यात येनार. टाकं बुजलं तर मेंढरांस्नी पानी न्हाई. मला मेंढरं चारू दिऊ नगा गडाव, मी खाली चारीन. पर वर्सातनं येकदा फांद्या उतरू द्या आन् कोंब काडू द्या. येवढंच लिव." मी शाईच्या पॅडवर त्याचा अंगठा घेतला. तो अंगठा पुसत माझ्याकडं बघत म्हणाला, "तूच नेऊन दे. आमी गेलो की दारातनं हाकलत्यात. तुजं आयकत्यात."

"देतो की," मी म्हणालो. "तुमी काळजी करू नगा."

तो गेल्यावर मी अर्ज विश्वजीतला दाखवला. "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" तो म्हणाला. "बंदी आपणच मागितली आणि आता आपणच उठवा म्हणायचं? आणि हे सगळं अडाण्याचं गणित आहे. मुळांनीच तर बुरूज बांधून धरलाय." इंजिनियर म्हणतोय म्हटल्यावर मला बरंच वाटलं. उंटावरचा शहाणा घरातलाच असला की सोईचं पडतं. पण सगळं त्याच्यावर ढकलत नाही मी. खरं कारण वेगळं होतं. तो अर्ज न्यायचा म्हणजे साहेबासमोर उभं राहून कबूल करायचं की माझा पहिला अर्ज चुकला. माझ्यानं ते होईना. मी कागदाची घडी केली आणि ट्रंकेत, फौजेच्या कागदांखाली ठेवून दिली.

मी गडावर गेलो की पाणी यायचं, गूळ यायचा आणि मग अर्जुनाबा विचारायचा, "अर्जाचं काय झालं रं?"

"वर गेलाय," मी म्हणायचो. "टाइम लागतो."

"व्हय, लागतोच," तो म्हणायचा, आणि मला बुरुजाकडं घेऊन जायचा. टाक्याच्या बाजूनं भेग पडली होती. पहिल्या साली त्यानं त्यात करंगळी घालून दाखवली. दुसऱ्या साली अंगठा गेला. तिसऱ्या साली त्यानं हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ मिटली आणि तशीच बाहेर काढून माझ्यासमोर धरली. वर पिंपळ सळसळत होता, त्याखाली पुण्याच्या पोरी फोटो काढत होत्या. त्या दिवशी घरी येऊन मी ट्रंक उघडली. अर्ज काढला. वरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. कुणी विचारलं असतं, इतके दिवस कुठं होता, तर काय सांगणार होतो? परत ठेवला. लाज वाटते सांगायला, पण ठेवला.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं तिकडं चार दिवस धरून झोडपलं. पाचव्या दिवशी सकाळी मी उसाला पाणी बंद करायला निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"हवालदार, बुरूज आला," अर्जुनाबा म्हणाला. "टाक्यात." फोन बंद.

आम्ही दुपारी पोचलो. टाक्याच्या जागी घडीव चिऱ्यांचा ढीग होता, मधे माती आणि चिखल. एवढं पाणी होतं, ते कुठं गेलं कळेना. पिंपळ मुळं वर करून आडवा पडला होता. पानं अजून टवटवीत होती आणि सगळी मेंढरं त्यावर तुटून पडली होती. बंदी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना तो पाला मिळाला होता. अर्जुनाबा बाजूच्या दगडावर बसला होता. "खाऊ दे," एवढंच म्हणाला.

तीन रविवार आम्ही दगड उपसले. एकेक चिरा सहा-सहा जणांना हलत नव्हता. खाली विटांसारखे दगड असते तर महिनाभरात टाकं मोकळं केलं असतं. हा बुरूज होता, तीनशे वर्षं उभा राहायला बांधलेला. तिसऱ्या रविवारी खात्याचे साहेब आले आणि म्हणाले, पडलेला असला तरी पुरातन आहे, परवानगीशिवाय एकही दगड हलवायचा नाही. मी भांडलो. घसा बसेपर्यंत भांडलो. साहेब म्हणाले, "मग अर्ज करा." विश्वजीत खाली बघत उभा होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, आम्हाला झोपाही करू दिला नाही. पडलेल्या बुरुजाचे फोटोही फिरले. त्याखाली कुणीतरी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं होतं, हात जोडलेले होते.

माघात वाडीत टँकर सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, रेशनकार्ड दाखवून घागरी. रेशनकार्डावर मेंढरं नसतात. अर्जुनाबानं आधी निम्मी मेंढरं विकून काढली. उरलेली थोडे दिवस खालच्या विहिरीच्या गाळावर जगवली. मार्चात विहीरही आटली. शेवटची बारा जतकडचा व्यापारी नेणार होता, त्या दिवशी मी गेलो. खिशात तो अर्ज होता. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.

टेम्पो दरवाज्याच्या खाली, कच्ची वाट संपते तिथं उभा होता. अर्जुनाबा एकेक मेंढरू पोटाशी धरून आणत होता आणि वर देत होता. प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावलेला. मी बाराही चढेपर्यंत थांबलो. मग कागद काढला.

"अर्जुनाबा, तुमचा अर्ज मी दिलाच न्हाई," मी म्हणालो. "चार वर्षं माझ्या ट्रंकेत हाय."

"ठावं हाय," तो म्हणाला. टेम्पोचं फळकूट लावत होता, वळलाही नाही.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आन् ती बंदी... त्यो पैला अर्ज..."

"तुजा. तेबी ठावं हाय. माजा अंगठा घितला तवा त्या सायबानं समदा कागूद वाचून दावला. खाली तुजं नाव हुतं."

म्हणजे पलूसला माझ्या सोप्यात बसून माझ्या उसाची चौकशी केली, तेव्हाच याला सगळं माहीत होतं. "मग माझ्याकडं कशाला आला व्हता?" मी विचारलं. "दुसऱ्या कुनाकडनं बी लिवून घेतलं असतं."

"दुसऱ्याचं कोन आयकतंय?" तो म्हणाला. "गाठ ज्येनं मारली त्येलाच सुटती. म्हटलं, दारात गेलो तर सोडल. मानूस काय वाईट न्हाई."

"आन् दर येळंला इचारत व्हता, अर्जाचं काय झालं म्हनून?"

आता त्यानं माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. डोळे नुसते थकलेले. "आठवन करत हुतो," तो म्हणाला.

टेम्पो गेला. मेंढरांचा आवाज वळणापर्यंत येत होता, मग तोही गेला. अर्जुनाबा तिथंच वाटेवर उकिडवा बसला, हाताला लागलेला भंडारा धोतराला पुसत राहिला. गुढीपाडव्यानंतर रविराजकडं पाचगणीला जायचं म्हणाला, एका खोलीत. "मेंढराबिगर तितं काय करू, ते म्हाईत न्हाई," म्हणाला. मी अर्ज पुढं केला. त्यानं घेतला नाही. वाचता येत नाही मला, असं म्हणाला.

मी वर पालाकडं गेलो. ऊन मी म्हणत होतं, घशाला कोरड पडली होती. भामावैनी दारात बसल्या होत्या. काट्याचं कुंपण उघडं, आत एकही मेंढरू नाही. कोपऱ्यात दोन घागरी, एकीवर ताट झाकलेलं, ताटावर दगड. शेजारी तो पितळी तांब्या पालथा घातलेला. आठ वर्षं मी त्या दारात पोचायच्या आधी त्या भावजी म्हणून उठायच्या. आज उठल्या नाहीत.

"वैनी," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"त्यांनी तुमास्नी माफी दिली आसंल," त्या म्हणाल्या. "त्यांचा सोबावच तसला हाय. म्या दिली न्हाई. म्या देनार न्हाई." मग दुसरीकडं बघत, "उतरा आता हवालदार. ऊन वाडतंय, वाटंत पानी न्हाई."

घागर माझ्यापासून चार पावलांवर होती. मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं आणि त्यांनी विचारलं नाही. मी तसाच तहानलेला गड उतरलो.